शापासकट वय

माझं वय विचारणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. स्थळं घेऊन येणाऱ्या मावशा, डॉक्टर, रेशनकार्डाचे कारकून. पण "शापासकट सांगता की शाप वजा जाता?" असं विचारणारा माणूस एकच भेटला, तोही जळगावच्या एका सरकारी ऑफिसात, सकाळी पावणेअकराला.

मी तिथे नवीन होते. धुळ्याच्या देवपुरातून आलेली, कनिष्ठ लिपिक. माझ्यासमोरचं टेबल रिकामं होतं. रिकामं म्हणजे त्यावर तीन मोडक्या खुर्च्या उलट्या ठेवल्या होत्या आणि एका खुर्चीच्या पायाला कुणाची तरी छत्री अडकवलेली होती. टेबल कुणाचं म्हणून विचारलं की उत्तर यायचं, "नानांचं." नाना कुठे आहेत? "येतील." सांगणाऱ्याचा सूर असा, की नाना खाली चहाला गेलेत. चहाला जाऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती.

झालं होतं असं. एक फाइल हरवली. कपाटाची किल्ली नानांकडे. फाइल नाही आणि किल्ली आहे, एवढ्यावर ते निलंबित झाले. गुन्हा सिद्ध व्हायला फक्त चौकशी बाकी राहिली. चौकशी अधिकारी नेमले, त्यांची बदली झाली. दुसरे आले, त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यांनीही तेच केलं, कारण दुसऱ्यांचं अक्षर लागत नव्हतं. चौथे निवृत्त झाले. पाचव्यांच्या काळात ऑफिसच्या भिंतींना चुना मारायचं ठरलं, कपाट जागचं हललं, आणि फाइल मिळाली. कपाटाच्या मागे पडली होती. नऊ वर्षांत ते कपाट कुणी हलवलं नव्हतं आणि त्या भिंतीला कुणी हात लावला नव्हता, हा काही नानांचा गुन्हा नव्हता. तर अशा रीतीने ते निर्दोष ठरले. ज्या चुनेवाल्याने त्यांना निर्दोष ठरवलं, त्याचा ऑर्डरमध्ये उल्लेख नव्हता.

ते कामावर परत आले त्या दिवशी आमच्या शिपायाने टेबलावरच्या खुर्च्या उतरवल्या, फडकं मारलं आणि म्हणाला, "नाना, बठ्ठा साहेब बदली ग्यात. तुम्हना टेबल मात्र आठेच शे." साहेब सगळे बदलून गेले, टेबल तेवढं इथेच होतं.

नाना बसले. पांढरे केस, पुढचे दोन दात नाहीत, स्वच्छ धुतलेला पण कॉलर उलटी करून शिवलेला शर्ट. ड्रॉवर ओढून पाहिला, त्यात एक वाळलेलं लिंबू निघालं. ते त्यांनी हातात घेऊन नीट पाहिलं, परत आत ठेवलं, आणि माझ्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला तो वयाचा.

"तेवीस," मी म्हटलं.

"शापासकट की शाप वजा जाता?"

मला वाटलं, माणूस नऊ वर्षं घरी बसला, डोकं फिरलं असणार. असं वाटणारी मी एकटी नव्हते. पुढची आठ वर्षं ऑफिसातल्या निम्म्या लोकांचं हेच मत होतं आणि उरलेल्या निम्म्यांना मत द्यायला वेळ नव्हता.

प्रश्नाचा उलगडा महिन्याभराने झाला. निलंबित माणसाने मुख्यालय सोडायचं नाही, दुसरं काम धरायचं नाही, आणि आमच्या ऑफिसच्या खास प्रथेप्रमाणे रोज साडेदहाला येऊन खाली फाटकाशी ठेवलेल्या वेगळ्या रजिस्टरात सही करायची. त्यानंतर तो स्वतंत्र. नाना सही करून वाचनालयात जायला लागले. पण वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती पेन्शनर बसलेले, आणि त्यातला प्रत्येक जण चष्म्यावरून बघून विचारायचा, "काय म्हणते चौकशी?" चार दिवसांत नाना वैतागले आणि बालविभागात जाऊन बसले. तिथल्या खुर्च्या वीतभर उंचीच्या. गुडघे हनुवटीला लागायचे. पण चौकशीबद्दल विचारणारं कुणी नव्हतं.

तिथे ते नऊ वर्षं परीकथा वाचत होते.

एखाद्याने वाचून सोडून दिल्या असत्या. नाना लिपिक होते. त्यांनी दोनशे पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि प्रत्येक पुस्तकातल्या शापिताची नोंद करायला सुरुवात केली. शापाच्या वेळचं वय. शापाचा कालावधी. सुटकेच्या वेळचं वय. बाहेर वाट पाहणारी माणसं आणि त्यांची वयं. शेवटचा रकाना होता शेरा. मी ती वही पाहिली आहे. शंभर वर्षं झोपलेली एक राजकन्या सहा वेगवेगळ्या पुस्तकांत होती, आणि सहाही लेखकांनी तिला सोळाव्या वर्षी झोपवून सोळाव्याच वर्षी उठवलं होतं. नानांचा शेरा: 'केस विंचरलेले. नखं कापलेली. कोणी कापली?' एक राजपुत्र बारा वर्षं बेडूक. एका पुस्तकात तो सुटल्यावर तेवढाच तरुण, दुसऱ्यात चांगला बाप्या, तिसऱ्यात वयाचा पत्ताच नाही. शेरा: 'तिन्ही ठिकाणी लगेच लग्न. घोड्यावर बसायला कधी शिकला? बेडकाची मांड निराळी.'

"अहो, गोष्ट आहे ती," मी एकदा म्हटलं.

"मग? गोष्टीत माणूस मेला तर मेला म्हणता ना? मग वाढला की नाही तेही सांगा." त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. "शाप देणारा ऋषी असो की चेटकीण, ते आपलं काम चोख करतात. अमुक इतकी वर्षं, अमुक अट. घोळ घालतात ते पुन्हा सांगणारे. त्यांना सुटकेची घाई असते. एकदा सनई वाजली की यांचं काम संपलं."

यातल्या एका लेखकाला त्यांनी पत्र लिहिलं होतं. दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं: 'मुलांना अशा शंका येत नसतात.' ते कार्ड नानांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, इतरांनी देवाचा फोटो ठेवावा तसं.

शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की ते अजूनही बालविभागात जायचे, आणि तिथल्या पोरींना गोष्टी सांगायचे, दुरुस्त करून. मी एकदा ऐकायला गेले होते. दगड झालेला राजपुत्र चाळीस वर्षांनी माणसात येतो. राजवाड्यात जातो तर गादीवर धाकटा भाऊ. आता धाकट्याच्या मिशा पांढऱ्या आणि थोरला विशीतला. नाना थांबले आणि पोरींना विचारलं, "सांगा, कुणी कुणाच्या पाया पडायचं?" त्यावर अर्धा तास भांडण झालं. एक म्हणाली, जन्म आधी त्याचा मान. दुसरी म्हणाली, गुडघे दुखतात त्याने वाकू नये. ग्रंथपालबाई दोनदा येऊन गप्प बसा म्हणून गेल्या. राजपुत्राचं लग्न राहूनच गेलं.

पोरींना ही गोष्ट होती, नानांना नव्हती. ज्याला त्यांनी आवक-जावकचं रजिस्टर कसं भरायचं ते शिकवलं होतं, तो आता आमचा हेडक्लार्क होता. पहिल्या दिवशी तो उठून उभा राहिला, "या नाना" म्हणाला, मग आपण हेडक्लार्क आहोत हे आठवून बसला, मग बरं दिसेना म्हणून पुन्हा उठला. शेवटी त्याने नानांना काम दिलं ते आवक-जावकचं.

नानांनी सेवाज्येष्ठतेसाठी अर्ज केला. साहेबांनी बोलावलं तेव्हा मी टिपण घ्यायला समोर होते. साहेब मोठे सज्जन होते. कुणाला नाही म्हणायचं झालं की आधी बसायला सांगायचे.

"बसा नाना. तुमचं म्हणणं मला पटतं. पण बढतीला अनुभव लागतो. नऊ वर्षं तुम्ही काम केलेलं नाही."

"ऑर्डरमध्ये लिहिलंय साहेब. सदर कालावधी सर्व प्रयोजनांसाठी कर्तव्यकाळ समजावा."

"समजावा असं लिहिलंय. होता असं लिहिलेलं नाही."

नानांनी हातातली ऑर्डर घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "आणि निवृत्ती?"

"ती जन्मतारखेवर. त्यात कुणालाच सूट नाही."

"म्हणजे म्हातारा होण्यापुरती ती नऊ वर्षं झाली. मोठा होण्यापुरती नाही झाली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पेन्सिलीकडे पाहिलं. टिपणात काय लिहायचं ते मला कळेना. "चहा घेणार?" साहेब म्हणाले. सज्जन माणूस.

नानांना बढती मिळाली, नाही असं नाही. निवृत्तीला अकरा महिने उरले होते तेव्हा मिळाली. पेढे वाटताना ते म्हणाले, "पुस्तकात याहून उशिरा सुटलेले आहेत." पण हे फार पुढचं.

माझ्या वयाच्या हिशेबातही त्यांनी नाक खुपसलंच. आईच्या आजारपणात बी.ए.चं दुसरं वर्ष झाल्यावर मी कॉलेज सोडलं होतं आणि तीन वर्षं घरी भाकऱ्या थापल्या होत्या. हे त्यांना कळल्यावर त्यांनी स्वतः बहिःस्थ परीक्षेचा फॉर्म आणून माझ्या टाइपरायटरवर ठेवला. मी म्हटलं, आता काय उपयोग, वय गेलं. तर म्हणाले, "वय गेलं नाही, वय आलंय. गेलंय ते दुसरंच." मला राग आला होता. फॉर्म भरला तो त्यांचं तोंड बंद करायला. पास झाले तेही त्याच कारणाने.

आता पाचोऱ्याचं सांगते.

नानांची बायको, म्हणजे काकू, पाचोऱ्याला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निलंबन झालं तेव्हा मुलगी सहा वर्षांची. तिला घेऊन काकू आधी सुट्टीत जळगावला यायच्या. मग गल्लीतल्या मुलांनी त्या पोरीला 'फाइलचोराची' म्हणून चिडवलं, ती रडत घरी आली, आणि नानांनीच काकूंना सांगितलं, हिला आता इथे आणू नको. स्वतः जायचं तर मुख्यालय सोडायची परवानगी हवी. पहिल्या वर्षी दिवाळीसाठी केलेल्या अर्जाचं उत्तर होळीला आलं. त्यानंतर त्यांनी अर्ज केला नाही. निर्दोष ठरल्याशिवाय सासुरवाडीच्या गावात पाऊल ठेवणार नाही, असंही म्हणून टाकलं. काकू महिन्या-दोन महिन्यांनी एकट्या येऊन जायच्या. मुलीला नानांनी सात वर्षं पाहिलं नव्हतं.

पण दर महिन्याला ते तिला गोष्ट पाठवायचे. एकच गोष्ट, क्रमशः. एक माणूस दगड झालाय, आणि त्याची मुलगी बाहेर वाढतेय. बाकीचे लेखक करतात ती चूक त्यांनी केली नव्हती. दर हप्त्याला गोष्टीतली मुलगी एक महिन्याने मोठी व्हायची. हे सांगताना त्यांना एवढा अभिमान वाटायचा, की मी थट्टा करायची सोडून दिली होती.

कामावर आल्यावर चार महिने झाले तरी ते पाचोऱ्याला गेले नव्हते. पहिल्यांदा दात बसवून घ्यायचे होते. मग रजा नव्हती. मग रजा होती पण प्रकृती नव्हती. शेवटी एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "तुम्ही याल का बरोबर? पंधरा वर्षांच्या मुलीशी काय बोलतात ते मला माहीत नाही. ऑफिसात तिच्या वयाच्या जवळची तुम्हीच."

"मी तेवीसची आहे."

"तीन वजा जाता वीस," ते म्हणाले. "चालेल."

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. वाटेत त्यांनी मला तिची उंची किती असेल, वेणी एक की दोन, आवाज बदलला असेल का, असं सगळं विचारून घेतलं. मुलींचा आवाज बदलत नाही म्हटल्यावर त्यांनी तेही मनात टिपून ठेवलं.

दार मुलीनेच उघडलं. उंच, सावळी, हातात भूमितीचं पुस्तक, पानात बोट घातलेलं. तिने नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "आई, जळगावहून आलेत."

वाक्यात कर्ता नव्हता.

काकूंनी पाणी दिलं, पोहे केले. नाना मुलीला तुम्ही म्हणू की तू म्हणू अशा घोटाळ्यात पडून शेवटी क्रियापदच गाळत होते. "दहावी?" "हो." "गणित?" "बरं आहे." मला ज्या कामासाठी आणलं होतं ते काम मला येत नव्हतं. मी पोहे खाल्ले.

मग त्यांना राहवलं नाही. "गोष्टी मिळायच्या ना? पोस्टाने?"

मुलगी उठली, कपाट उघडलं, आणि गठ्ठा आणून त्यांच्यापुढे ठेवला. महिन्यावारी लावलेला, सुतळीने बांधलेला. नानांचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी सुतळी सोडली आणि वरची दोन पानं उलटली. पानांवर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"हे काय?"

"चुका," मुलगी म्हणाली.

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं, आजच्या दिवशी कशाला?"

"विचारलं म्हणून सांगते." तिने एक पान काढलं. "इथे ती आठवीत आहे. आठवीतली मुलगी रोज दगडाला जाईच्या फुलांची माळ घालते? आणि 'बाबा, तुम्ही कधी हो येणार' म्हणते? हे ती पहिलीत असताना म्हणायची. इथे तिसरीत, तेच. इथे सहावीत, तेच. वय तेवढं वाढवलंय तुम्ही. ती मोठी कुठे झालीये?"

नाना पान बघत होते.

"तिला शाळेत काय झालं ते नाही. तिची मैत्रीण बोलायची बंद झाली ते नाही. तिला दगडाचा राग आला, दोन वर्षं ती त्या रस्त्याने गेलीच नाही, ते कुठे आहे? नुसती उभी केलीय तिला हारबिर घेऊन."

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव लागले होते. कापूस, केळी, मटकी. आम्ही चौघंही ते अगदी लक्ष देऊन ऐकत होतो.

मला नानांबद्दल दया यायला हवी होती. खरं सांगायचं तर मला त्या पोरीचं कौतुक वाटलं. नऊ वर्षं या माणसाने सगळ्या लेखकांची खोड काढली, आणि याच्या दारात याची परीक्षक तयार होत होती.

"दोन वर्षं?" नाना शेवटी म्हणाले. "कुठली दोन?"

"सहावी-सातवी."

त्यांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की कशावर लिहायचं ते ठरलेलं नाही. मुलीने भूमितीच्या पुस्तकातला कोरा कागद काढून दिला. "सांग," ते म्हणाले. यावेळी 'सांगा' की 'सांग' हा विचार त्यांनी केला नाही.

ती सांगायला लागली. आधी भांडल्यासारखी, मग नुसती. शाळेच्या दाखल्यावर बापाचा व्यवसाय लिहायचा तेव्हा बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं. मामाच्या लग्नात तिला कुणी फोटोत उभं केलं नव्हतं. सातवीत ती वक्तृत्वात पहिली आली होती आणि ते जळगावला कळवायचं नाही असं तिने आईला शपथ घालून सांगितलं होतं. काकू दारात पदर धरून ऐकत होत्या. त्यातलं अर्धं त्यांनाही माहीत नव्हतं. नाना लिहीत होते. मध्ये एकदा ते म्हणाले, "मी वाईट लिहिलं गं." मुलगी म्हणाली, "अक्षर चांगलं होतं."

दुपार उलटली. परतीच्या गाडीला वीस मिनिटं राहिली तेव्हा आमच्या लक्षात आलं. सोमवारी नानांना आवक-जावक होती, राहून चालणार नव्हतं. दहावीचा अभ्यास सोडून तीही जळगावला येणार नव्हती. ते तिने न विचारता सांगून टाकलं. पुढच्या रविवारी ते येतील का, हे मात्र तिने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. काकूंनी दोघांकडे पाहिलं आणि पुढच्या रविवारी वांग्याचं भरीत करते, असं मलाच सांगितलं.

"चालत गेलात तर चुकेल गाडी," मुलगी म्हणाली. तिने ओसरीतली सायकल खाली घेतली. "बसा मागे."

"मी?"

"मग कोण? या ताई पळू शकतात. तुम्ही नाही."

नाना कॅरिअरवर बसले. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर एका हाताने धरलेली पिशवी, पिशवीत दुरुस्तीला घेतलेला तो गठ्ठा, दुसऱ्या हाताने सीटच्या स्प्रिंगा घट्ट धरलेल्या. डबलसीट बसायला तेव्हा बंदी होती आणि चौकात पोलीस चाकातली हवा काढायचा. नऊ वर्षं एकही नियम न मोडलेला हा माणूस पोलिसासमोरून गेला तेव्हा त्याने नमस्कार केला. पोलिसाने गोंधळून परत केला.

मी मागून पळत होते. चढ आला तशी ती पोरगी उभी राहून पायडल मारायला लागली. "जड आहात हो," ती धापा टाकत म्हणाली.

"उतरू का?"

"उतरू नका. हलू नका नुसतं."

ते हलले नाहीत.